मैलापाणी शुद्धीकरण केंद्र नदी राखते आहे की नाही, हे कसे पाहावे

नदीकाठच्या बऱ्याच शहरांत मैलापाण्यावर प्रक्रिया करणारे एखादे केंद्र असते आणि नदी काळी पडली की लोक त्याच केंद्राच्या नावाने बोटे मोडतात. केंद्रात नेमके काय घडते, ते नदीला कशापासून वाचवते आणि कोणत्या गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे ठाऊक असेल तर तक्रार योग्य दारात करता येते. पुढील माहितीत उदाहरण म्हणून कोल्हापूर आणि पंचगंगा घेतली आहे. तेथे कसबा बावड्यात दररोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीत १७ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र आहे. पाहणीची रीत मात्र सांगली, नाशिक, पुणे किंवा नदीकाठच्या कोणत्याही शहरात हीच राहील.

पाहणी नाल्यापासून सुरू करावी

केंद्राच्या फाटकापाशी जाण्याआधी शहरातले नाले नदीला जेथे मिळतात ती ठिकाणे पाहावीत, कारण केंद्रापर्यंत जे पाणी पोहोचलेच नाही त्यावर प्रक्रिया होण्याचा प्रश्नच येत नाही. कोल्हापूरचा जयंती नाला याचे उत्तम उदाहरण आहे. नाल्यातून येणारे मैलापाणी नदीच्या तोंडाशी अडवून पंपांनी उचलले जाते आणि बावड्याच्या केंद्राकडे पाठवले जाते. पंप चालू असतात तोवर ही व्यवस्था ठीक चालते, परंतु वीज गेली, पंप बिघडला किंवा पाणी उपशापेक्षा जास्त आले की ते अडवलेल्या जागेवरून उडी मारून थेट पंचगंगेत जाते. केंद्र उत्तम स्थितीत असले, तरी त्या तासांपुरते नदीच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते.

म्हणून पहिली पाहणी जानेवारी ते मे या काळात करावी. या महिन्यांत शहरी नाल्यातून वाहणारे पाणी बहुतांशी मैलापाणीच असते, त्यामुळे नाल्यातून नदीत काहीही पडत असेल तर ते काय आहे याबद्दल शंका राहत नाही. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान जावे, कारण शहराची आंघोळ, धुणीभांडी आणि शौचालये यांचे पाणी त्याच वेळी सर्वाधिक येते आणि पंपांची खरी परीक्षा तेव्हाच होते. दुपारी तीन वाजता कोरडा दिसणारा सांडवा सकाळी आठला वाहताना दिसू शकतो. तारीख व वेळ दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे.

यानंतर कागदावरचा हिशेब मांडावा. नगररचनेत माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, मैलापाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. कोल्हापूर महापालिका क्षेत्राची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या ५,४९,२३६ होती, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दररोज सुमारे ५९ दशलक्ष लिटर मैलापाणी झाले. दोन्ही केंद्रांची मिळून क्षमता ९३ दशलक्ष लिटर आहे. लोकसंख्या पुढे वाढली आणि कित्येक घरांत पाण्याचा वापर १३५ लिटरच्या पुढे गेला, हे धरले तरी क्षमतेचा आकडा एकट्याने काही सिद्ध करत नाही, एवढे यातून कळते. क्षमता, प्रत्यक्ष आलेले पाणी आणि ठरलेल्या दर्जापर्यंत शुद्ध झालेले पाणी हे तीन वेगळे आकडे आहेत आणि ते वेगवेगळेच विचारले पाहिजेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०-२१ साठी मांडलेल्या देशाच्या चित्रातही हीच दरी दिसते. शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते, उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ दशलक्ष लिटरवरच होत होती.

नदीला खरा धोका कशाचा असतो

मैलापाण्यात ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अंशात जे सेंद्रिय द्रव्य असते ते जीवाणूंचे अन्न आहे, आणि ते खाताना जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. मासा मरतो तो बहुधा या प्राणवायूच्या तुटवड्याने. किती प्राणवायू खर्च होईल हे मोजण्याचे माप म्हणजे जैविक प्राणवायू मागणी, अर्थात बीओडी. आपल्याकडे ती नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात. घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारणपणे लिटरमागे १५० ते ३०० मिलिग्रॅम असतो, तर नदीत आंघोळ करता यावी यासाठी तो ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो.

हा फरक किती मोठा आहे ते एका गणिताने दिसेल. बीओडी २०० धरला तर बावड्याच्या क्षमतेएवढे, म्हणजे ७६ दशलक्ष लिटर मैलापाणी दिवसाला १५,२०० किलो प्राणवायू मागते. नदीच्या पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू आहे आणि तो ४ पर्यंत खाली येऊ द्यायचा, असे मानले तर प्रत्येक लिटर पाणी ३ मिलिग्रॅम देऊ शकते. त्या हिशेबाने ही मागणी भागवायला दिवसाला सुमारे ५,००० दशलक्ष लिटर स्वच्छ पाणी लागेल, म्हणजे नदीतून जवळजवळ दोन हजार क्युसेकचा विसर्ग चालू असावा लागेल. तेच पाणी बीओडी १० पर्यंत शुद्ध करून सोडले तर शंभर क्युसेकच्या आसपास भागते. वाहत्या पाण्यात हवेतून नव्याने मिसळणारा प्राणवायू यात धरलेला नाही, त्यामुळे आकडे ढोबळच आहेत. परंतु उन्हाळ्यात धरणातून सुटणाऱ्या पाण्यासाठी आवर्तनाची वाट पाहणाऱ्या कोणालाही दोन हजार आणि शंभर यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

पंचगंगेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. नदीवर ओळीने कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि पावसाळा सरला की त्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवले जाते. शेतीला ते हवेच असते, पण त्यामुळे उन्हाळ्यात नदी वाहती राहण्याऐवजी एकामागोमाग एक साचलेल्या डोहांची बनते. साचलेल्या पाण्यात हवा मिसळण्याचा वेग मंदावतो, गाळ तळाशी बसून कुजत राहतो आणि तेथे सोडलेल्या मैलापाण्याचा परिणाम वाहत्या नदीपेक्षा कितीतरी अधिक जाणवतो. शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, त्या वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी.

केंद्रात गेल्यावर काय पाहावे

केंद्र पाहण्यासाठी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या जलनिस्सारण विभागाकडे लेखी अर्ज करावा. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींना परवानगी मिळणे सोपे जाते, म्हणून शिक्षकांना सोबत घेणे शहाणपणाचे ठरते. आत गेल्यावर कठड्याबाहेर झुकू नये, कशालाही हात लावू नये आणि कोणत्याही चेंबरमध्ये डोकावू नये. मैलापाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणून धोका नाही, असे चेंबरच्या तोंडाशी कधीही समजू नये.

सुरुवातीच्या जाळ्या आणि वाळू बसवण्याची टाकी पटकन पाहून पुढे गेले तरी चालते. जाळीत अडकलेल्या चिंध्या, पिशव्या आणि सॅनिटरी पॅड यांचा ढीग उचलला जातो की नाही, एवढे पाहावे. जाळी तुंबली तर पाणी आत येण्याऐवजी मागे साचते आणि बगलेच्या वाटेने निघून जाते. अशी बगलेची वाट, म्हणजे बायपास, प्रत्येक केंद्राला असते. ती कोठे आहे आणि तिची झडप शेवटची कधी उघडली होती, हा प्रश्न इथेच विचारावा.

खरे काम हवा देण्याच्या टाकीत होते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये दाखवून दिले की मैलापाण्यात हवा सोडत राहिले आणि तयार होणारा गाळ फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरला, तर जीवाणू आठवड्यांचे काम काही तासांत करतात. आजची बहुतेक केंद्रे याच तत्त्वावर चालतात. जुन्या रचनेत हवा देण्याची आणि गाळ बसवण्याची टाकी वेगवेगळी असते, तर नव्या एसबीआर पद्धतीत एकाच टाकीत पाणी भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे निवळ पाणी काढणे ही कामे पाळीपाळीने काही तासांच्या चक्रात होतात. नदीला जे प्राणवायूचे ओझे पेलावे लागले असते ते येथे ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारी यंत्रे, पेलतात, म्हणून केंद्राच्या खर्चातला फार मोठा वाटा विजेचा असतो आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाडही ब्लोअरवरच पडते.

टाकीकडे पाहताना तीन गोष्टी टिपाव्यात. पहिली, रंग. निरोगी टाकीतले पाणी तपकिरी, चहापेक्षा गडद असते आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. काळपट रंग आणि कुजका वास आला तर हवा कमी पडते आहे, असे समजावे. दुसरी, बुडबुडे. ते सगळ्या पृष्ठभागावर बारीक आणि सारखे उठायला हवेत. एका कोपऱ्यात पाणी जोराने उसळते आहे आणि बाकीची टाकी शांत आहे, असे दिसले तर तळातील हवेच्या जाळीचा एखादा भाग फुटला आहे. तिसरी, प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा आकडा. हवा चालू असताना तो लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास असावा. आकडा शून्याला चिकटलेला असेल किंवा यंत्र बंद असेल, तर नोंदवहीतल्या बाकीच्या सुबक आकड्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

यानंतर केंद्राच्या रसायनतज्ज्ञाला एक साधी चाचणी समोर करून दाखवण्याची विनंती करावी. हवा देण्याच्या टाकीतले एक लिटर पाणी काचेच्या उभ्या मोजपात्रात भरून अर्धा तास हलवल्याविना ठेवतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत तपकिरी पाण्यात फुटलेल्या दुधासारखे पुंजके तयार होऊ लागतात, मग वर निवळ पाण्याचा एक पट्टा दिसतो आणि तो हळूहळू रुंदावतो. अर्ध्या तासाने गाळाची पातळी साधारण १५० ते ३०० मिलिलिटरच्या खुणेपाशी असेल आणि वरचे पाणी स्वच्छ असेल, तर जीवाणूंची वस्ती चांगली आहे. गाळ ७०० च्या वरच तरंगत राहिला, तर तो बसत नाही आणि शुद्ध पाण्याबरोबर नदीत वाहून जाण्याची भीती आहे. उलट, तळाशी जेमतेम बोटभर थर साचला, तर टाकीत काम करणारे जीवाणूच नाहीत आणि ब्लोअर नुसतेच पाणी घुसळत आहेत. इतक्या कमी खर्चात इतके सांगणारी दुसरी चाचणी नाही, आणि ती दाखवायला टाळाटाळ झाली तर तेही बरेच काही सांगून जाते.

गाळाचा हिशेब मागावा

पाहणीला येणारे लोक बाहेर पडणारे निवळ पाणी पाहून समाधानाने परततात. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गाळाचा आहे. पाण्यातली घाण नाहीशी होत नाही. तिचा एक भाग वायू होऊन जातो आणि दुसरा जीवाणूंच्या शरीरांच्या रूपाने गाळ होतो. एक किलो बीओडी काढताना ढोबळमानाने अर्धा किलो कोरडा गाळ तयार होतो, असे धरले तर वरच्या उदाहरणातील केंद्र पूर्ण क्षमतेने चालताना दिवसाला सुमारे सात टन कोरडा गाळ निघायला हवा. यंत्राने पाणी पिळून काढल्यावरही त्यात चार पंचमांश पाणीच राहते, म्हणजे रोज पस्तीसेक टन ओला गाळ फाटकातून बाहेर गेला पाहिजे. ते ट्रकभर वजन वजनकाट्याच्या पावत्यांत, ट्रकच्या खेपांत आणि खत म्हणून तो नेणाऱ्यांच्या नोंदीत दिसले पाहिजे. कागदावर पाणी पूर्ण शुद्ध होत आहे, पण गाळ महिन्याला दोन-चार खेपाच निघतो, असे असेल तर उरलेला गाळ कोठे जातो याचे उत्तर बहुधा पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री नदीत सापडते. विजेच्या मासिक बिलाचाही असाच उपयोग होतो. आलेल्या पाण्याचा आकडा महिन्यागणिक तोच राहिला आणि युनिट मात्र निम्म्यावर आले, तर दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे कसे वाचावेत

केंद्राच्या प्रयोगशाळेचा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, असे दोन्ही अहवाल मागावेत. कोणत्या मर्यादेशी तुलना करायची, हे मंडळाने केंद्राला दिलेल्या संमतीपत्रात लिहिलेले असते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनुसार महानगरांत बीओडी २० आणि इतर शहरांत ३० मिलिग्रॅमपर्यंत चालत होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात तो १० वर आणण्यास सांगितले आणि नायट्रोजन १० व फॉस्फरस १ मिलिग्रॅम अशाही मर्यादा घातल्या.

नायट्रोजन आणि फॉस्फरसचा उल्लेख पाहून कंटाळू नये, कारण केंदाळाचे, म्हणजे जलपर्णीचे, मूळ तेथेच आहे. सेंद्रिय घाण काढून टाकलेल्या निवळ पाण्यातही ही दोन खते शिल्लक राहू शकतात, आणि बंधाऱ्यांमागे साचलेल्या पाण्यात त्यांवर केंदाळ फोफावते. जुन्या धाटणीची केंद्रे बीओडी कमी करण्यासाठी बांधलेली असतात आणि ही खते काढणे त्यांच्या मूळ आराखड्यातच नसते. नायट्रोजन काढण्यासाठी आधी भरपूर हवेत अमोनियाचे नायट्रेट करावे लागते आणि मग हवा बंद ठेवलेल्या भागात दुसऱ्या जीवाणूंकडून त्याचा वायू करून घ्यावा लागतो. अमोनिया स्वतःही माशांना विषारी आहे, म्हणून अहवालात अमोनियाचा रकाना आहे का, हे पाहावे. तो रकानाच नसेल, तर बीओडीचा चांगला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

शेवटचा टप्पा निर्जंतुकीकरणाचा असतो. पाणी काचेसारखे निवळ दिसले तरी त्यात आतड्यातले जंतू कोट्यवधींनी असू शकतात. २०१७ च्या अधिसूचनेत विष्ठाजन्य कोलिफॉर्मची, म्हणजे मैल्यातून आलेल्या जीवाणूंची, मर्यादा १०० मिलिलिटरमागे १,००० पेक्षा कमी अशी आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही, हे २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेल्या काविळीच्या साथीने दाखवले आहे. क्लोरिन देत असतील तर संपर्क-टाकीत पाणी अर्धा तास तरी राहते का आणि शेवटी उरणारा क्लोरिन मोजतात का, हे दोन्ही विचारावे, कारण जास्तीचा क्लोरिन नदीत गेला तर माशांना तोही सोसत नाही.

जमल्यास नदीचीही तपासणी करावी. विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे लहान संच प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात आणि महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे हमखास असतात. केंद्राचे पाणी नदीत पडते त्याच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला पाणी नीट मिसळल्यावर एक, असे दोन नमुने एकाच सकाळी घ्यावेत. वेळ सूर्योदयाची असावी. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करते, म्हणून दुपारचा आकडा फसवा चांगला येतो, तर रात्रभर सर्वांनी श्वास घेतल्यावर पहाटे नदी सर्वांत गुदमरलेली असते. वरच्या बाजूचाच आकडा वाईट आला, तर दोष या केंद्राचा नाही आणि शोध नदीच्या उगमाकडे न्यायला हवा.

केंद्राकडून काय अपेक्षू नये

घरगुती मैलापाण्यासाठी बांधलेले केंद्र कापडाचा रंग, जड धातू आणि क्षार काढू शकत नाही. अशा पाण्यासाठी उद्योगांची स्वतःची किंवा सामूहिक प्रक्रिया केंद्रे असतात, आणि इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचे रंगीत पाणी किंवा साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी यांचा जाब महापालिकेच्या केंद्राला विचारण्यात अर्थ नसतो. एवढेच नव्हे, असे पाणी चोरून गटारात सोडले गेले तर टाकीतले जीवाणू मरतात आणि वस्ती पुन्हा उभी राहायला कित्येक दिवस जातात. २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रे बंद पडतात, त्यालाही तात्काळ उपाय नसतो. पूर ओसरल्यावर पंप किती दिवसांत सुरू झाले, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

घराघरातून होणारा उपद्रवही थोडा नाही. पागोळ्यांचे पाणी गटाराला जोडले तर पहिल्याच मोठ्या सरीला केंद्राची क्षमता संपते आणि मैलापाणी नदीत जाते, म्हणून पावसाचे पाणी शोषखड्ड्यात किंवा पावसाळी गटारातच सोडावे. तळणाचे तेल, पॅड आणि डायपर शौचालयात टाकू नयेत. सेप्टिक टाकी असलेल्या घरांनी ती दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी आणि मैला-गाडी तो मैला कोठे रिकामा करते, हे चालकाला विचारून घ्यावे.

पाहणीनंतर अर्ज करताना

नुसते ‘नदी प्रदूषित आहे’ असे लिहिलेल्या अर्जाला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर येते. त्याऐवजी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मोजक्या कागदांच्या प्रती मागाव्यात. गेल्या बारा महिन्यांत केंद्रात रोज आलेले पाणी, उपसा केंद्रातील प्रत्येक पंपाचे चालू तास, वीज बिले, गाळाच्या खेपांच्या वजनपावत्या, बायपास झडपेची नोंदवही आणि संमतीपत्र एवढे पुरते. उत्तर देण्यास तीस दिवसांची मुदत असते. पंपांचे तास आणि आपण नाल्यावर काढलेली छायाचित्रे तारखेनुसार शेजारी ठेवावीत, आणि ज्या दिवशी पंप चालू असल्याची नोंद असूनही सांडव्यावरून पाणी वाहत होते त्या दिवसांची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला व महापालिका आयुक्तांना एकाच पत्राने पाठवून दोन्हीकडून पोच घ्यावी.